चार तोळ्यांची पावती

७ एप्रिल, मंगळवार. पाटल्यांची पावती शोधणे.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला मी एवढंच लिहिलं होतं. शनिवारच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘विमान, साडेदहा’. गुरुवारची चौकट कोरी होती, पण खरी मुदत गुरुवारचीच होती.

माझी धाकटी बहीण अकरा वर्षं नैरोबीला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करत होती. ती आता कायमची परत येत होती. कल्याणला एका लॅबमध्ये मे महिन्यापासून तिची नोकरी ठरली होती. मोठं सामान बोटीने निघालं होतं. पासपोर्ट, नोकरी सोडल्याचं पत्र, सामानाची यादी, पिवळ्या तापाच्या लसीची पिवळी पुस्तिका, सगळं तिने एका फाइलमध्ये क्रमाने लावलं होतं. माझीच बहीण आहे ती. अडचण एकच होती आणि ती फाइलमध्ये लावण्यासारखी नव्हती. तिच्या दोन्ही हातांत आईच्या पाटल्या होत्या आणि त्या निघत नव्हत्या.

त्या पाटल्या आईने तिला लग्नात दिल्या. अकरा वर्षांपूर्वी ती त्या हातात घालूनच विमानात बसली. जाताना विमानतळावर कस्टमकडे दागिने दाखवून दाखला घ्यायचा असतो, म्हणजे परत येताना ते इथलेच आहेत हे कळतं. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही हसलो असतो. आईच्या पाटल्यांना सरकारचा दाखला कशाला? मधल्या काळात ती सुट्टीवर आली, पण प्रत्येक वेळी पाटल्या तिथल्या लॉकरमध्ये ठेवून आली. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिने त्या घातल्या. थायरॉइडमुळे हात भरलेले होते. गेल्या कशाबशा, पण परत आल्या नाहीत. साबण, खोबरेल, बर्फ, प्लास्टिकची पिशवी, सगळं करून झालं. जुन्या पाटल्या, स्क्रू नाही, फट नाही.

तेव्हापासून तिने दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. पहिल्यांदा म्हणाली, काम आहे. दुसऱ्यांदा तेही म्हणाली नाही.

नियम मी वाचून काढले होते. वर्षाहून जास्त बाहेर राहून परतणाऱ्या बाईला चाळीस ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्क न भरता आणता येतात. त्यावर असेल तर लाल रांगेत जायचं, सांगायचं आणि शुल्क भरायचं. आमच्या घरात त्या पाटल्यांना ‘चार तोळ्यांच्या’ असंच म्हणत. मी खूश झाले. चार दाहे चाळीस. बहिणीने फोनवर माझी चूक काढली.

“ताई, दहा ग्रॅमचा तोळा आत्ताचा. आईच्या लग्नातला तोळा अकरा ग्रॅम सहाशे चौसष्टचा. साडेशेहेचाळीसच्या वर जातं.”

“मग सहा ग्रॅमचं शुल्क भर आणि ये.”

“भरेन गं. पण ते वजन करायला मागणार. वजन करायला काढायला हव्यात. काढायला कापायला हव्यात. विमानतळावर कोण कापणार? ठेवून घेतील.”

“तुला कुणी सांगितलं?”

“शेजारणीची साखळी चार महिने पडून होती. कागद नव्हता म्हणून. मी ठरवलंय. गुरुवारी संध्याकाळी सहाला इथल्या सोनाराकडे वेळ घेतली आहे. तो कापून देईल. तुकडे पर्समध्ये टाकून आणते. करा म्हणावं वजन.”

ती हे पटपट म्हणाली आणि मग लगेच तिकडच्या हवेबद्दल बोलायला लागली. ही तिची लहानपणापासूनची खोड. रडू आलं की हवामान सांगते.

मी एका कार्यालयात दाव्यांचे कागद तपासते, त्यामुळे मला एवढं कळत होतं की वजन लिहिलेला जुना कागद असेल तर निदान बोलायला जागा राहते. कागद आईकडे असणार. आई शहात्तर वर्षांची आहे आणि वडील गेल्यापासून डोंबिवलीला माझ्याकडे असते. तिला विचारलं.

“पावती नाही,” आई म्हणाली.

“बघून सांग.”

“नाही म्हटलं ना. कापू दे तिला. हात मोकळे होतील.”

हे उत्तर फारच लवकर आलं. आई म्हणजे कल्याणजवळच्या मोहन्याच्या कॉलनीतल्या आमच्या जुन्या खोलीची वीजबिलंसुद्धा जपून ठेवणारी बाई. माझं पहिलीचं प्रगतिपुस्तक तिच्याकडे आहे, बंद झालेल्या तीन रेशनकार्डांसकट. तिच्याकडे पाटल्यांची पावती नाही?

म्हणून मंगळवारी अर्धी रजा टाकली आणि आई दुपारची झोपलेली असताना तिची पत्र्याची ट्रंक काढली. लग्नाच्या शालूच्या घडीत वर्तमानपत्र होतं आणि वर्तमानपत्राच्या घडीत एक पावती. ठाण्याला नौपाड्यातल्या एका सराफाची. मी नाव वाचलं. ‘कु.’ आणि पुढे एक मुलीचं नाव, माझ्या आजोबांचं नाव, मामांचं आडनाव. ते मुलीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. मामांच्या घरातल्या कुणाची तरी असेल, चुकून इकडे आली, असं मी ठरवलं. खालचं काही वाचलं नाही. नोकरीत हीच सवय लागली आहे: आधी नाव बघायचं, नाव जुळलं नाही तर पुढचं वाचण्यात वेळ घालवायचा नाही. पावती एका पाकिटात घातली, वर ‘मामा’ असं लिहिलं आणि डायनिंग टेबलावर ठेवली. ट्रंकेत दुसरं काही मिळालं नाही.

बुधवारी नौपाड्यात गेले. ते दुकान अजून त्याच जागी आहे, फक्त काचा मोठ्या झाल्यात. आता नातू बसतो. नातू म्हणजे साठीचा गृहस्थ. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, जुन्या वहीत नोंद मिळेल का?

“काही वर्षांच्या वह्या आहेत. नाव सांगा.”

मी आईचं नाव सांगितलं.

“लग्नासाठी केलेल्या ना? लग्नाच्या आधी? मग हे नाव कसं चालेल, ताई? माहेरचं सांगा.”

मी आडनाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं.

“आणि मुलीचं?”

आमच्या आजोळी आईला सगळे आक्का म्हणत. तिच्या भावंडांपासून दूधवाल्यापर्यंत. सासरी तिचं नाव बदललं, तेव्हाची पद्धतच होती. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. लोकांना पेढे वाटायचे, तांदळाचा भात करायचा, आणि जुनं नाव जे जायचं ते जायचं. माझंही बदललं. मी नोकरीच्या कागदांवर नवंच नाव लावलं आणि नंतर विचार केला नाही.

“तुम्हाला आईचं नाव माहीत नाही?” मालकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

“आईचं माहीत आहे. ती आई होण्याच्या आधीचं माहीत नाही.”

ते मोठ्याने हसले. “वाईट वाटून घेऊ नका. मागच्या महिन्यात एक आजोबा आले होते. त्यांना बायकोचं आठवेना. चांगला पन्नास वर्षांचा संसार! लावा, घरी फोन लावा.”

दुकानातूनच लावला.

“आई, तुझं लग्नाआधीचं नाव काय?”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“तू कुठे आहेस?” आई म्हणाली.

“नौपाड्यात. सराफाकडे.”

“कशाला गेलीस तिथे?”

“आई, नाव.”

तिने सांगितलं. एकदाच, हळू. आणि मी काल दुपारी टेबलावर ठेवलेलं पाकीट माझ्या डोळ्यांसमोर आलं.

“काढू का वही?” मालकांनी विचारलं.

“नको. पावती माझ्या घरी आहे. मी ती मामांना पाठवायला निघाले होते.”

त्यांनी याच्यावर हसायचं टाळलं, हे मला आवडलं. मग म्हणाले, “पावतीवर लाखेचं वजन वेगळं दिलं असेल, ते बघा. त्या काळच्या पाटल्या लाखेवरच्याच. आत लाख आणि वर सोन्याचा पत्रा. आणि बहिणीला सांगा, कापायच्या नाहीत. लाखेवरची पाटली कापली की आतला भुगा होतो आणि पत्रा चेपतो. मग ती पाटली राहत नाही. नुसतं सोनं राहतं.”

घरी पोचले तेव्हा आई डायनिंग टेबलाशी बसली होती. पाकीट उघडलेलं होतं आणि पावती समोर होती. तिने माझ्यासाठी चहा करून झाकून ठेवला होता. म्हणजे भांडायची तयारी नव्हती.

मी पावती घेतली आणि या वेळी खालपर्यंत वाचली. पाटल्या, जोड एक. एकूण वजन ४६ ग्रॅम ६५० मिलिग्रॅम. लाख ९ ग्रॅम १५०. निव्वळ सोने ३७ ग्रॅम ५००.

“हे सव्वातीन तोळेसुद्धा भरत नाही,” मी म्हटलं.

“नाही भरत.”

“मग चार तोळे कुठून आले?”

“याद्यांमधून,” आई म्हणाली. याद्या म्हणजे लग्न ठरताना देण्याघेण्याचं जे लिहून सह्या करायचे, ते. “माझ्या बाबांनी यादीत लिहून दिलं, मुलीला चार तोळ्यांच्या पाटल्या घालू. लिहून दिलं आणि मग सोनं पुरेना. ते मला घेऊन या दुकानात आले. सोनाराला म्हणाले, लाख घाल पण काटा चारवर आण. त्याने आणला. येताना बाबांनी मला उसाचा रस पाजला. कधी बाहेरचं घेऊ देत नसत. म्हणाले, पावती तुझ्या नावावर केली आहे, तूच ठेव, कुणाला दाखवू नकोस.”

“आणि आजीने सासरी तोलून नाही घेतल्या?”

“तुझ्या आजीने हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाली, चांगल्या वजनदार आहेत.” आईच्या चेहऱ्यावर चौपन्न वर्षांनंतरही समाधान होतं.

“आमच्या वडिलांना माहीत होतं?”

“त्यांना मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. ते म्हणाले, बरं झालं, कमी सोनं आहे तर रोज घालत जा.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंस? मी विचारलं तेव्हाही नाही म्हणालीस.”

आईने पावतीची कड बोटाने सरळ केली. “तुमच्या आजोबांनी खोटं लिहून दिलं, हे मुलींना कशाला सांगायचं? आणि आता तो कागद ती परक्या सरकारी माणसासमोर उघडणार. सगळ्यांदेखत. त्यापेक्षा कापलेल्या बऱ्या.”

मला राग यायला हवा होता, पण मी मनात वजाबाकी करत होते.

“आई, चाळीस ग्रॅमपर्यंत शुल्क नाही. सोनं किती आहे?”

“सदतीस पाचशे.”

“म्हणजे?”

आईला हिशोब यायला वेळ लागत नाही. तिने पावती उचलली, पुन्हा वाचली, खाली ठेवली. “म्हणजे बाबांनी खरेच चार तोळे घातले असते तर…”

“तर शुल्क बसलं असतं.”

आई हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलवून. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, “बाबांना सांगायला हवं होतं.” मग उठून चहा परत गरम करायला गेली.

आता नावाचा प्रश्न होता. बहिणीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव आहे, ते सासरचं. पावतीवर माहेरचं. माझ्यासारखी कारकून बाई समोर असेल तर ती काय करेल, हे मी कालच करून दाखवलं होतं. म्हणून गुरुवारी सकाळी आईला घेऊन कल्याणला कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र. आमच्याबरोबर लग्नपत्रिका होती आणि मामांनी फोनवर पाठवलेला आईचा शाळा सोडल्याचा दाखला होता. टाइप करणाऱ्या बाईने काही विचारलंसुद्धा नाही. तिच्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नावं भरायची.

“आजी, दोन सह्या. एक आत्ताची, एक जुन्या नावाची.”

आत्ताची आईने झटक्यात केली. दुसरीसाठी तिने आधी पाकिटाच्या पाठीवर सराव केला. तीनदा. मग कागदावर केली. ती सही शाळकरी मुलीच्या अक्षरात आली, गोल गोल, प्रत्येक अक्षर सुटं, आणि वरची रेघ शेवटी एकदम, पट्टीने ओढल्यासारखी.

“एवढी लांबलचक करायचे मी,” आई म्हणाली. “जागा पुरेना.”

दीडच्या सुमाराला मी पावती आणि प्रतिज्ञापत्राचे स्वच्छ फोटो बहिणीला पाठवले आणि लगेच फोन केला. तिच्याकडे अकराच वाजले होते. सोनाराची वेळ सहाची.

“कापू नकोस. सदतीस ग्रॅम आहेत. बाकी लाख.”

“काय लाख?”

“पाटल्यांमध्ये लाख भरलेली आहे. कापल्यास तर भुगा होईल.”

ती म्हणाली, “म्हणजे नऊ वर्षं मी लॉकरचं भाडं लाखेसाठी भरलं?”

“थोडंफार सोनंही आहे.”

“आणि त्यांना पटलं नाही तर?”

“तर आम्ही बाहेर उभ्या असू. मूळ पावती आईच्या पर्समध्ये आहे. रंगीत छपाई करून फाइलमध्ये लाव. आणि लाल रांगेत जायचं.”

“ताई, पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून हिरव्यातून गेले तर कुणाला…”

“एप्रिलमध्ये? पूर्ण बाह्या? मुंबईत? लाल रांग.”

“बरं,” ती म्हणाली. हवामान सांगितलं नाही. “सोनाराला फोन करून वेळ रद्द करते.”

शनिवारी आम्ही दोघी टॅक्सीने विमानतळावर गेलो. आईने इस्त्रीची साडी नेसली होती आणि पर्स पोटाशी धरली होती. विमान वेळेवर उतरलं. लोक ढकलगाड्या ढकलत बाहेर यायला लागले. तासाभराने गर्दी ओसरली, तरी ती दिसेना. मग माझा फोन वाजला.

“ताई, इथे गोंधळ झालाय. मी सगळं दाखवलं. साहेबांना मराठी वाचता येत नाही. पावतीवर ‘लाख ९’ लिहिलंय ना? ते म्हणतायत, नऊ लाखांच्या पाटल्या आहेत.”

“अगं, ती लाख!”

“मी तेच सांगतेय. जितक्या वेळा लाख म्हणते तितक्या वेळा ते मान हलवतात.”

आईने माझ्या हातातून फोन घेतला. “दे त्यांना,” म्हणाली. आईचं हिंदी डोंबिवलीच्या भाजीवाल्यांवर तयार झालेलं आहे. त्यात भीड नसते.

“साहब, मैं उसकी माँ बोलती. वो लाख रुपया नहीं. लाख! चूड़ी में भरते वो लाख. झाड़ का. गरम करके भरते.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“अरे साहब, चौपन्न साल पहले की पावती है. उस टाइम नौ लाख में आधा नौपाडा आता था!”

शेजारी उभा असलेला एक टॅक्सीवाला वळून बघायला लागला. पलीकडून पुन्हा प्रश्न आला असावा, कारण आई थांबली आणि म्हणाली, “कौन सा नाम? पहलेवाला कि बादवाला?”

मग तिने सांगितलं. पहिलं सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मान वर करून, शाळेत हजेरी देतात तशा आवाजात. मग दुसरं. मग कुणी न विचारता वजन: एकूण, लाख, निव्वळ. पावती पर्समध्येच होती, तिला बघावी लागली नाही.

फोन बंद झाला. दहा मिनिटांनी दारातून गणवेशातला एक माणूस आला, मराठी होता. मूळ कागद आत न्यायचे होते.

“द्या, आजी.”

“पोच द्या,” आई म्हणाली.

“काय?”

“कागद घेऊन जाताय. पोच द्या.”

“आजी, मी पाच मिनिटांत परत आणतो.”

“आणा ना. तोपर्यंत पोच राहू दे माझ्याकडे.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही, मला आईचं म्हणणं बरोबर वाटत होतं. शेवटी त्याने पाकिटाच्या पाठीवर, त्या तीन सरावाच्या सह्यांच्या खाली, ‘मूळ पावती व प्रतिज्ञापत्र मिळाले’ असं लिहून सही केली. वेळही घातली.

पाच मिनिटांची पस्तीस झाली. त्या वेळात आई एकदाच बोलली. “बाबांनी मला का नेलं होतं बरोबर, हे मला तेव्हा कळलं नव्हतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला न नेता.”

मग बहीण बाहेर आली. एक ढकलगाडी, दोन बॅगा, आणि कोपरापर्यंत वर सारलेल्या बाह्या. पाटल्या हातांत होत्या. तिने आधी मूळ कागद आईला दिले. आईने ते उलगडून दोन्ही आहेत हे बघितलं आणि मग तिच्याकडे बघितलं.

“हात किती सुजलेत गं.”

“विमानात सुजतात, आई.”

रडारड आम्हाला जमत नाही. आईने तिचे हात धरून ठेवले, एवढंच. टॅक्सीत बहिणीने आतलं सांगितलं. साहेबांनी मराठी माणसाकडून पावती ओळीओळीने वाचून घेतली. मग तिच्या हाताला धक्का न लावता पाटलीवर पेनने टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि म्हणाले, आवाज बद्द येतोय, आत काहीतरी आहे खरं. त्यांनी दुसऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यांनीही टिचकी मारली. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही असतात अशा. रजिस्टरमध्ये काय ते लिहिलं आणि जा म्हणाले.

“शेवटी साहेब काय म्हणाले माहिती आहे?” बहीण म्हणाली. “म्हणाले, आपकी माताजी को बोलना, पावती सँभाल के रखें.”

“मी काय सांभाळायची राहिले होते?” आई म्हणाली. ऐरोलीपर्यंत ती त्याच्यावरच होती.

रविवारी सकाळी सहाला उठले. दोघी अजून झोपल्या होत्या, आईच्या पलंगावर, बहिणीचे हात उशीवर वर करून ठेवलेले, सूज उतरावी म्हणून. पावती शालूच्या घडीत परत घातली नाही. बहिणीच्या फाइलमध्ये, पिवळ्या पुस्तिकेच्या मागे लावली, त्याच्यामागे प्रतिज्ञापत्र आणि त्याच्यामागे पोच लिहिलेलं पाकीट. ‘मामा’ लिहिलेलं खोडलं आणि आईची दोन्ही नावं लिहिली.

मग कपाट उघडून माझ्या स्वतःच्या दागिन्यांच्या पावत्या काढल्या. चार निघाल्या. चारही लग्नाआधीच्या नावावर. मुलगी पुण्याला नोकरीला असते, तिला फोन लावला.

“माझं लग्नाआधीचं नाव काय होतं गं?”

“आई, साडेसहा वाजलेत. रविवार आहे.”

“माहीत आहे का?”

“आजी तुला कधीकधी काहीतरी वेगळीच हाक मारते, ते का? ते मला वाटायचं, लाडाचं आहे.”

“कागद-पेन घे,” मी म्हटलं, “आणि लिहून ठेव.”